अध्यक्षीय की संसदीय? ठरवण्याआधी भारत, अमेरिका आणि फ्रान्स शेजारी ठेवून पाहू

भारतात अध्यक्षीय पद्धत आणावी का, हा प्रश्न दर काही वर्षांनी डोके वर काढतो. आघाड्यांची सरकारे कोसळू लागली की एक गट म्हणतो, पाच वर्षे कोणी हलवू शकणार नाही असा प्रमुख जनतेनेच थेट निवडावा. एका पक्षाला घसघशीत बहुमत मिळाले की दुसरा गट म्हणतो, पंतप्रधान राष्ट्राध्यक्षासारखाच कारभार करतो आहे, तर मग अमेरिकेसारखे अंकुश तरी आणा. १९७६ मध्ये काँग्रेस पक्षाने नेमलेल्या स्वर्णसिंग समितीने हा पर्याय तपासून बाजूला ठेवला. पुढे १९८० च्या दशकात काँग्रेस नेते वसंत साठे यांनी तो हिरिरीने मांडला. आजही वक्तृत्व स्पर्धांपासून राज्यशास्त्राच्या तासापर्यंत तो चर्चेत असतो, आणि बहुतेक वेळा चर्चा ‘खंबीर नेता हवा की नको’ एवढ्यावरच संपते.

त्या वळणाने गेलात तर उत्तर हाती लागत नाही. प्रमुख आणि सभागृह एकाच पक्षाच्या हाती असतात तेव्हा सगळ्या पद्धती सुरळीत चालतात. फरक उघड होतो तो दोघांचे बिनसते त्या दिवशी. विधेयक कुठे अडते, पैसा कोण रोखतो, माणूस हटवायचा कसा, आणि हे निस्तरेपर्यंत पगार, पेन्शन, रेशन चालू राहते का? भारत, अमेरिका आणि फ्रान्स यांची तुलना या प्रश्नांवर करावी असे आमचे ठाम मत आहे.

कोण कुठे बसतो

अमेरिकेत कायदा करणारे आणि राबवणारे एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसू शकत नाहीत. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातच ती मनाई आहे. जानेवारी २०२५ मध्ये मार्को रुबियो परराष्ट्रमंत्री झाले ते सिनेट या वरिष्ठ सभागृहाचा राजीनामा देऊनच. मंत्री राष्ट्राध्यक्षाने निवडायचा, पण त्याला सिनेटची मान्यता लागते. १०० सदस्यांत ५०-५० मते पडली तर उपराष्ट्राध्यक्षाचे मत निर्णायक ठरते. एकदा नेमणूक झाली की मंत्री राष्ट्राध्यक्षाला बांधील असतो. सभागृहात त्याच्यावर अविश्वास ठराव आणून त्याला घरी पाठवता येत नाही.

भारतात बरोबर उलटे आहे. मंत्री खासदार नसेल तर सहा महिन्यांत त्याला कोणत्या तरी सभागृहाचे सदस्य व्हावे लागते, नाहीतर पद जाते. मंत्रिमंडळ लोकसभेच्या बहुमतातून निघते आणि लोकसभेलाच सामूहिकरीत्या जबाबदार असते. म्हणजे आपल्याकडे कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांच्यात भिंत नाहीच. काटेकोर भिंत आहे ती न्यायसंस्थेभोवती. हे अनवधानाने झालेले नाही. के. टी. शाह यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तिन्ही अंगांच्या संपूर्ण विभाजनाची दुरुस्ती मांडली होती, ती फेटाळली गेली. त्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिशेब स्पष्ट केला होता: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक पण जबाबदारी कमी, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक पण स्थैर्य कमी, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे. अमेरिकेत कारभाराचे मूल्यमापन ठरावीक काळाने होते. इथे प्रश्न, ठराव, अविश्वास आणि अभिभाषणावरील चर्चा यांतून ते रोजच्या रोज व्हावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा ‘रोजच्या रोज’ शब्द लक्षात ठेवा, कारण आज खरी गळती तिथेच आहे.

फ्रान्सने १९५८ मध्ये दोन्हींचे मिश्रण केले. राष्ट्राध्यक्ष १९६२ च्या सार्वमतानंतर थेट जनतेतून निवडला जातो. तो पंतप्रधान नेमतो, पण त्या पंतप्रधानाला ५७७ सदस्यांची राष्ट्रीय सभा पाडू शकते. मंत्र्याला मात्र खासदारकी सोडावी लागते.

| मुद्दा | भारत | अमेरिका | फ्रान्स |
|---|---|---|---|
| खरा कारभारी | पंतप्रधान व मंत्रिमंडळ | राष्ट्राध्यक्ष | बहुमत कोणाचे यावर अवलंबून |
| मुदत | लोकसभेचा विश्वास असेपर्यंत | चार वर्षे, दोनदाच निवड | पाच वर्षे, सलग दोनदा |
| राजकीय कारणाने सरकार पाडणे | साध्या बहुमताने | शक्य नाही | पंतप्रधान पडतो, राष्ट्राध्यक्ष राहतो |
| सभागृह मुदतीआधी विसर्जित करणे | मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने | शक्य नाही | राष्ट्राध्यक्ष करू शकतो, मग वर्षभर पुन्हा नाही |

निवडणूक: जनादेश किती जड

भारताचा राष्ट्रपती निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार मिळून ठरवतात. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात: राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले एक हजार. महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५ येते, उत्तर प्रदेशाचे २०८, गोव्याचे २०. म्हणजे २८८ आमदारांचा महाराष्ट्र ५०,४०० मूल्य टाकतो, ४० आमदारांचा गोवा ८००. २०२२ च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते आणि द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ मूल्याची मते मिळाली. उमेदवारी अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, १५,००० रुपये अनामत भरावी लागते. हौशी उमेदवारांना ही चाळणी पुरते.

हा जनादेश मुद्दाम हलका ठेवला आहे. अधिकार मंत्रिमंडळाकडे आणि थेट कोट्यवधींची मते राष्ट्रपतीकडे, अशी रचना केली असती तर पहिल्याच वादात राष्ट्रपती म्हणाला असता, लोकांनी मला निवडले आहे.

अमेरिकेत राज्यांना वाटून दिलेली ५३८ निर्वाचक मते असतात, त्यांतली २७० मिळवणारा जिंकतो. देशभरात कमी मते मिळूनही जिंकता येते. २००० आणि २०१६ मध्ये तसेच झाले. तरीही निवडून आलेला स्वतःला देशाचा एकमेव राष्ट्रीय प्रतिनिधी मानतो, आणि सभागृहाशी भांडताना त्याच बळावर उभा राहतो. भारतासाठी थेट निवडणूक सुचवणाऱ्यांनी इथे एक गणित करून पाहावे. देशभर एकच मतदारसंघ झाला तर उत्तर प्रदेश आणि बिहारच्या मतांपुढे गोवा, सिक्कीम, मिझोराम यांचे वजन किती उरेल? अमेरिकेने त्यासाठी निर्वाचक मतांची आणि प्रत्येक राज्याला दोन सिनेटरांची तजवीज केली. आपल्या राज्यसभेत तशी समानता नाही: महाराष्ट्राच्या १९ जागा, गोव्याची एक.

विधेयक टेबलावर आल्यावर

अमेरिकी राष्ट्राध्यक्षाकडे विधेयक गेले की रविवार वगळून दहा दिवस मिळतात. सही केली तर कायदा. नकाराधिकार वापरून परत पाठवले तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात, आणि ती जमणे फार कठीण असते. दहा दिवस काहीच केले नाही आणि काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, अधिवेशन चालू असेल तर विधेयक आपोआप कायदा होते. या काळात अधिवेशन संपले असेल तर ते मरते. यातला एखादाच खर्च खोडायचा अधिकार त्याला नाही. १९९६ मध्ये तसा अधिकार देणारा कायदा झाला होता, सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तो रद्द केला.

भारतात अनुच्छेद १११ खाली राष्ट्रपती संमती देतो, नाकारतो किंवा फेरविचारासाठी परत पाठवतो. धन विधेयक परत पाठवता येत नाही. संसदेने तेच विधेयक पुन्हा साध्या बहुमताने संमत केले की सही करावीच लागते. २००६ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाचे विधेयक परत पाठवले, संसदेने ते पुन्हा संमत केले आणि कलामांनी सही केली. मात्र घटनेत दिवसांची मर्यादा नाही. राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८६ चे टपाल विधेयक, ज्यात पत्रे उघडून पाहण्याची मुभा होती, ना संमत केले ना परत पाठवले. त्यांच्या कारकिर्दीत ते तसेच पडून राहिले. राज्यांच्या विधेयकांबाबत हाच प्रश्न राज्यपालांमुळे चिघळला. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनापीठाने राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना सांगितले की न्यायालयाला अशा ठरावीक मुदती घालता येणार नाहीत. घटनेत दिवस लिहिले नाहीत की काय होते ते यावरून कळते. अमेरिकेचे ‘दहा दिवस’ हे दोन साधे शब्द आपण उचलायला हवे होते.

राष्ट्रपतीच्या सल्ल्याचे वजन मात्र शून्य नाही. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचार सुचवायची मुभा दिली. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेश आणि १९९८ मध्ये बिहार या दोन्ही वेळी राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती तेव्हा थांबवली, जरी बिहारमध्ये फेब्रुवारी १९९९ मध्ये ती राजवट लागलीच. एवढी एकच किल्ली राष्ट्रपती भवनात आहे, पण ती वापरणारा असेल तर कुलूप उघडते.

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाने पंधरा दिवसांत कायदा जाहीर करायचा असतो. फार तर नव्याने विचार करा म्हणू शकतो. तिथली खरी चकमक वेगळ्या जागी होते. १९८६ मध्ये सभागृहाचे बहुमत विरोधी पक्षाकडे गेले आणि राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना त्या पक्षाचे शिराक पंतप्रधान म्हणून नेमावे लागले. खासगीकरणाचे वटहुकूम सहीसाठी आले तेव्हा मितराँ यांनी नकार दिला. शिराक यांनी तोच मजकूर संसदेतून कायदा म्हणून संमत करून घेतला. अशी एकाच घरात दोन चुली मांडायची वेळ १९८६, १९९३ आणि १९९७ मध्ये आली. ती टळावी म्हणून २००० मध्ये राष्ट्राध्यक्षाची मुदत सातवरून पाच वर्षांवर आणली, म्हणजे दोन्ही निवडणुका लागोपाठ होतील.

पैसा

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाचे कायदे झाले नाहीत आणि तात्पुरती मुदतवाढही मिळाली नाही, तर ज्या खात्यांना निधी नाही ती बंद होतात. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, तर २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकार ठप्प होते. कर्मचारी बिनपगारी घरी बसले, विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी बिनपगारी कामावर राहिले. कोणाचेही सरकार पडले नाही, निवडणूकही लागली नाही. सत्ताविभाजनाची ही किंमत आहे: कोंडी फोडायचे घटनात्मक हत्यारच नाही. दोघांपैकी एकाने वाकायचे, एवढाच मार्ग.

भारतात हा प्रसंग येऊच शकत नाही. लोकसभेने अनुदानाच्या मागणीवर कपात सूचना मंजूर केली, मग ती मागणी एक रुपयावर आणणारी असो की शंभर रुपयांनी कमी करणारी, तर सरकारने विश्वास गमावला असे धरतात. ३१ मार्चच्या आत अर्थसंकल्प पूर्ण होणार नसेल तर लेखानुदान, म्हणजे तोवरच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी, घेतात. पगार थांबत नाहीत. पण या सोयीचा दुसरा अर्थ असा की सभागृह खर्चाची छाननी करण्याऐवजी फक्त होकार देते. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत सगळ्या खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून, चर्चेविना मंजूर झाल्या. अमेरिकेत एखाद्या खात्याच्या प्रमुखाला उपसमितीपुढे तासन्‌तास बसून एकेका योजनेचे उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे लोकलेखा समिती काम करते, पण खर्च झाल्यानंतर.

फ्रान्सच्या घटनेत कोंडी फोडायची अजब तरतूद आहे, अनुच्छेद ४९ चा तिसरा परिच्छेद. पंतप्रधान म्हणतो, हे विधेयक मी मतदानाविना संमत धरतो. मान्य नसेल तर २४ तासांत अविश्वास ठराव दाखल करा. मार्च २०२३ मध्ये निवृत्तीवेतनाचा कायदा असाच झाला, अविश्वास ठराव नऊ मते कमी पडल्याने बारगळला. पण डिसेंबर २०२४ मध्ये हेच हत्यार उलटले. पंतप्रधान बार्निए यांच्या सरकारविरुद्ध ३३१ मते पडली आणि १९६२ नंतर पहिल्यांदाच फ्रान्समध्ये सरकार अविश्वास ठरावाने गेले. राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी जून २०२४ मध्ये सभागृह विसर्जित करून आणखी तुकड्यांत विभागलेले सभागृह ओढवून घेतले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये पुढचे पंतप्रधान बायरू यांचेही सरकार पडले. राष्ट्राध्यक्ष मात्र जागेवर. ज्याच्या निर्णयाने गोंधळ झाला त्याला सभागृह हात लावू शकत नाही, आणि ज्याला लावू शकते त्याच्याकडे निर्णय नसतो. मिश्र पद्धतीचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

सभागृहाला वळसा घालून

‘राष्ट्राध्यक्ष एका सहीने काम करतो’ हे अनेकांना अध्यक्षीय पद्धतीचे आकर्षण वाटते. त्या सहीची ताकद तपासून घ्या. अमेरिकी कार्यकारी आदेशाला घटनेचा किंवा आधीच्या कायद्याचा आधार लागतो. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. २०२३ मध्ये बायडन यांची शैक्षणिक कर्जमाफी त्याच कारणाने कोसळली. आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष पहिल्याच दिवशी आधीच्याचे आदेश खोडू शकतो. युद्धाच्या बाबतीत मात्र हा तोल केव्हाच ढळला आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, पण तिने औपचारिक घोषणा शेवटची केली ती १९४२ मध्ये. व्हिएतनाम आणि इराक त्यानंतरचे.

भारतात वटहुकूम काढता येतो, आणि ती अमेरिकी राष्ट्राध्यक्षाकडे नसलेली शक्ती आहे. संसदेची दोन्ही सभागृहे एकाच वेळी बसलेली नसताना काढायचा आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत संपायचा, असा नियम. बिहारने १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. हे शोधून काढले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी, आणि त्यांच्याच याचिकेवर १९८६ मध्ये घटनापीठाने त्याला घटनेची फसवणूक म्हटले. एका अभ्यासकाने राजपत्रांची पाने चाळून संविधानाची एक फट बुजवली, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

आणीबाणीसाठी लेखी, मंत्रिमंडळाचाच सल्ला हवा, ही अट १९७८ मध्ये आली. कारण २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची बैठक न होताच केवळ पंतप्रधानांच्या सल्ल्यावर सही केली होती. पण तशी अट सगळीकडे नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५.४७ ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, ती कामकाज नियमावलीतील नियम १२ वापरून. या नियमाने पंतप्रधान मंत्रिमंडळाच्या बैठकीविना निर्णय घेऊ शकतो आणि मान्यता नंतर मिळते. म्हणजे राष्ट्रपतीचा अंकुश कागदावर सारखाच असला तरी, त्याच्यापुढे आलेला सल्ला खरोखर मंत्रिमंडळाचा आहे का, इथेच सगळे अडते.

हटवायचा कसा

१७ एप्रिल १९९९. लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९, विरोधात २७०. सरकार गेले. त्यानंतर कारगिलचे युद्ध काळजीवाहू सरकारने लढले आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली. संसदीय पद्धतीची कमजोरी म्हणून हे उदाहरण हमखास देतात. ते बरोबर आहे, पण अर्धे. एका मताने कारभारी बदलता येतो ही सोयही त्याच नाण्यावर कोरलेली आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला फक्त महाभियोगाने हटवता येते: प्रतिनिधीगृहात साधे बहुमत, सिनेटमध्ये दोन-तृतीयांश. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, १९९९ मध्ये क्लिंटन सुटले, ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला. दुसऱ्या वेळी ५७ विरुद्ध ४३ मते पडली, हवी होती ६७. आजवर या मार्गाने एकही राष्ट्राध्यक्ष पदावरून गेलेला नाही; निक्सन १९७४ मध्ये आधीच राजीनामा देऊन मोकळे झाले. नालायकी, बिघडलेली अर्थव्यवस्था, लोकांचा उडालेला विश्वास, यांपैकी काहीही महाभियोगाचे कारण होत नाही. मुदत पक्की याचा अर्थ वाईट कारभाऱ्याचीही मुदत पक्की.

अध्यक्षीय पद्धतच हवी असेल तर दक्षिण कोरियाची रचना जास्त शहाणपणाची आहे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. काही तासांत १९० सदस्यांनी सभागृहात पोहोचून तो उठवायला लावला. १४ डिसेंबरला २०४ मतांनी महाभियोग झाला, आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी एकमताने यून यांना पदच्युत केले. शेवटचा निर्णय पक्षाच्या दावणीला बांधलेल्या सिनेटरांकडे नव्हता, न्यायालयाकडे होता. फरक पडला तो इथे.

संसदीय पद्धत ठेवूनही अस्थैर्य कमी करता येते. जर्मनीत चान्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, पाडायचे तर त्याच ठरावात पुढचा चान्सेलर निवडावा लागतो. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच. १९९९ मध्ये आपल्याकडे हा नियम असता तर पाडणाऱ्यांना पर्याय दाखवावा लागला असता, आणि त्यांच्याकडे तो नव्हता.

आपली खरी गळती

संसदीय पद्धतीचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: सरकार चुकले तर त्याच्याच बाजूचे खासदार विरोधात मत देऊ शकतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने प्रतोदाचा आदेश, म्हणजे कसे मत द्यायचे याचा पक्षाचा ‘व्हीप’, मोडणाऱ्याची सदस्यताच धोक्यात आणली. घोडेबाजार थांबावा हा हेतू चांगला होता. परिणाम असा की एकटा खासदार प्रामाणिकपणे विरोधात मत देऊ शकत नाही, आणि मोठा गट एकत्र फुटला तर त्याला वाटा सापडतात. जून २०२२ मधले महाराष्ट्रातले सत्तांतर आठवा. मे २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, तरीही उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष बहुमताच्याच पक्षाचा. त्यात समित्यांची वाताहत भर घालते: पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. सतराव्या लोकसभेने तर संपूर्ण कार्यकाळ उपाध्यक्षाविना काढला.

अशा सभागृहासमोर थेट निवडलेला, न हटणारा राष्ट्राध्यक्ष बसवला तर अमेरिका तयार होणार नाही. अमेरिकी खासदार पक्षाविरुद्ध मत देऊनही खुर्चीवर राहतो, त्याच्या समितीकडे साक्षीदाराला समन्स बजावायचा अधिकार असतो. तो भाग न घेता फक्त राष्ट्राध्यक्ष आयात केला तर काय होते ते श्रीलंकेने १९७८ पासून भोगले आहे. तिथले नेते जयवर्धने यांनी संसदीय पद्धत मोडून कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद आणले. १९९४ पासून ते रद्द करू म्हणत लोक निवडून येत राहिले आणि पदावर गेल्यावर कोणालाच ते रद्द करावेसे वाटले नाही. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी मुदतीआधी संसद विसर्जित केली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेच ती वाचवली.

लहान प्रमाणावर हा प्रयोग आपल्या गावात चालूच आहे. महाराष्ट्रात थेट नगराध्यक्ष २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे असले की विषयपत्रिकेवरून वाद, निविदा लांबणीवर, ठराव स्थगित करायला जिल्हाधिकाऱ्याकडे नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली धाव, आणि मुख्याधिकारी दोघांच्या कात्रीत. ज्यांना देशासाठी अध्यक्षीय पद्धत हवी त्यांनी अशा एखाद्या नगरपरिषदेची वर्षभराची इतिवृत्ते मागवून वाचावीत. माहिती अधिकारात ती मिळतात.

मग निवड कोणाने काय करावी

तुमची मुख्य तक्रार सरकारे पडतात ही असेल, तर जर्मन पद्धतीचा अविश्वास ठराव मागा. अध्यक्षीय पद्धतीची गरज नाही. तक्रार पंतप्रधानाच्या हाती फार सत्ता एकवटते अशी असेल, तर पक्षांतरबंदीचा व्हीप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवणे, विधेयक समितीकडे पाठवणे सक्तीचे करणे आणि अपात्रतेचा निर्णय स्वतंत्र न्यायाधिकरणाला देणे, या तीन दुरुस्त्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त काम करतील. मंत्री तज्ज्ञ असावेत, निवडणुकीच्या राजकारणातून आलेले नसावेत असे वाटत असेल, तर अमेरिकी पद्धत खरोखर सरस आहे. आपल्याकडे तज्ज्ञाला राज्यसभेची वाट धरावी लागते आणि ९१ व्या दुरुस्तीची लोकसभेच्या १५ टक्क्यांची, म्हणजे ८१ मंत्र्यांची मर्यादा आहेच. फ्रेंच मिश्रण आम्ही भारतासाठी कोणालाही सुचवणार नाही. दोन केंद्रे आणि अनेक पक्ष ही जोडी तिथेच पेलवेनाशी झाली आहे.

हे सगळे पाहूनही अध्यक्षीय पद्धतच हवी असे ठरले, तर मागणी अर्धी करू नका. वटहुकूम बंद, राज्यांना जवळजवळ समान जागा असलेले वरिष्ठ सभागृह, समन्सचे अधिकार असलेल्या समित्या, महाभियोगाचा शेवटचा निर्णय न्यायालयाकडे, आणि सहीसाठी दिवसांची मर्यादा: ही पाच कलमे एकाच विधेयकात असली पाहिजेत. राष्ट्रपतीची निवडणूक आणि केंद्राच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती या अनुच्छेदांना हात लावायचा तर अनुच्छेद ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात, त्यानंतर २८ पैकी किमान १४ राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते, आणि १९७३ च्या केशवानंद निकालानंतर ही दुरुस्ती घटनेच्या मूलभूत चौकटीत बसते का, हे शेवटी सर्वोच्च न्यायालय ठरवते.